दात ही हौस आहे काय?

तोंडाच्या कर्करोगात खालच्या जबड्याचा तुकडा कापून काढावा लागला, की शस्त्रवैद्य पुष्कळदा रोग्याच्याच पायातील हाड घेऊन नवा जबडा घडवितात. नडगीच्या बाहेरच्या अंगास फिब्युला नावाचे बारीक हाड असते. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, म्हणून गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा भाग राखून मधले हाड काढले तरी मनुष्य चालू शकतो. हाडाबरोबर त्याची रक्तवाहिनीही घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली ती मानेतील वाहिन्यांस शिवतात. त्यामुळे ते हाड नव्या जागी जिवंत राहते. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड हिडाल्गो ह्यांनी जबड्यासाठी ही रीत १९८९ साली मांडली.

इथवर कोणाची हरकत नसते. प्रश्न पुढे उभा राहतो. ह्या नव्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर पक्के दात लावता येतात. त्यास खर्च मोठा आणि महिनेही बरेच लागतात. घरचे म्हणतात, “जीव वाचला हे काय थोडे झाले? आता दातांची हौस कशाला?” आणि कोणी हळूच जोडतो, “तंबाखू खा असे कोणी सांगितले होते?”

ही दोन बोलणी एकत्र कानी पडतात, पण ती एक नव्हेत.

ज्याचा जबडा पायाच्या हाडाचा आहे त्यास साधी कवळी सहसा टिकत नाही. तिला टेकायला हिरडीचा उंचवटा राहिलेला नसतो, आणि आतले अस्तर पुष्कळदा पायाच्याच कातडीचे, जाड व हलणारे असते. मग भाकरी सुटते. वरणभात कालवून त्याचा लगदा करावा लागतो. शब्द नीट उमटत नाहीत, लाळ ओघळते. असा मनुष्य लग्नाला जातो, पण पाने मांडली जाताच काही निमित्त काढून उठतो. जेवणे म्हणजे पोट भरणे एवढेच असते, तर नळीनेही भागले असते. दात बसले की सारे पूर्ववत होते असेही नव्हे. जीभ कापली गेली असेल तर ते उणेपण राहतेच. किरणोपचार झालेल्या हाडात स्क्रू न धरण्याची भीती अधिक, म्हणून डॉक्टर थांबा म्हणतात तेव्हा त्यांचे ऐकावे. आणि पैसा एकच असेल, तर दुसऱ्याची प्राण वाचविणारी शस्त्रक्रिया आधी, हेही मला मान्य आहे. परंतु एखादी गोष्ट रांगेत मागे ठेवणे निराळे आणि तिला हौस म्हणणे निराळे.

आता दुसरे बोलणे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क ह्यांना १९५२ साली सशाच्या पायात बसविलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन ह्या गृहस्थाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. लार्सन ह्यांच्या टाळूत व जबड्यात जन्मतःच व्यंग होते. ते दात त्यांनी २००६ साली मृत्यू येईपर्यंत वापरले. त्यांची हकीकत ऐकून ते ह्या दातांस पात्र होते काय, असे कोणी विचारीत नाही. आपल्याकडील गुटखा खाणाऱ्याविषयी मात्र पहिला प्रश्न तोच.

दोष नाही असे मी म्हणत नाही. पण तो एकट्याचा किती? महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. त्याआधी कितीतरी वर्षे तो राजरोस विकला गेला आणि त्यावर कर जमा झाला. पुष्कळ बायकांच्या बोटाला मिश्री लागली ती सासरी नव्हे, माहेरी, आजीच्या डबीतून. नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले ते २००४ साली, आणि ती सुपारी तर आपण पाहुण्याच्या हातावर मानाने ठेवीत आलो. इतक्या हातांनी जे दिले, त्याचा हिशेब एकाच्याच तोंडाशी कसा मागावा?

रविवारच्या शाळेत तंबाखूविरुद्ध धडा जरूर द्यावा. सडलेल्या तोंडाची चित्रे पुष्कळ शिक्षक दाखवितात, मुलेही “शी!” म्हणून ओरडतात. कधी कधी त्याच वर्गात, ज्याचा बाप तोंडाला रुमाल बांधून बाहेर पडतो असे एखादे मूल मागच्या बाकावर बसलेले असते. ते ओरडत नाही.