तुझे नाव काय?

शास्त्रपाठ : उत्पत्ती २७:१८-२४, ३२:२२-३२, ३३:१-११



आम्ही राहतो त्या उज्जैन शहराच्या नदीचे नाव क्षिप्रा. क्षिप्र म्हणजे वेगवान. परंतु उन्हाळ्यात ही वेगवान नदी घाटाशी थबकते, आणि २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपाने उपसून तिच्यात सोडले जाते. नाव एक, स्थिती दुसरी. नदीला त्याचा दोष लागत नाही. आपण मात्र ख्रिस्ताचे नाव धारण करतो, आणि आत काय आहे ते देव जाणतो.

याकोबही अशाच एका लहान नदीवर आला होता. शिप्रा चंबळेला मिळते, तशी यब्बोक यार्देनेला मिळते. पलीकडून त्याचा भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन येत होता. वीस वर्षांपूर्वी याकोबाने त्याचा आशीर्वाद कपटाने घेतला होता. आता त्याने काय केले पाहा. प्रथम प्रार्थना केली. ती प्रार्थना मोठी नम्र आहे. तीत देवाच्या वचनाची आठवण आहे, उपकारांची कबुली आहे, एसावाचे भय आहे. एकच गोष्ट नाही. एसाव का रागावला आहे, ते तीत कोठेच नाही! मग त्याने सुमारे साडेपाचशे जनावरांची भेट पुढे पाठवली. शेळ्या गेल्या, मेंढ्या गेल्या, उंट गेले, बायकामुलेही नदीपार गेली. याकोब मात्र अलीकडेच राहिला. माणूस सर्व काही पुढे पाठवतो, स्वतःला तेवढा मागे ठेवतो.

तेथे देवाने त्याला एकटे गाठले. रात्रभर झुंज चालली. पहाटे याकोब आशीर्वाद मागू लागला, तेव्हा त्याला प्रश्न आला : तुझे नाव काय? देवाला नाव ठाऊक नव्हते काय? प्रश्न जुना होता. आंधळ्या इसहाकानेही पूर्वी विचारले होते की तू कोण आहेस, आणि याकोबाने आपण एसाव असल्याचे सांगितले होते. बापाचा आशीर्वाद त्याने दुसऱ्याच्या नावावर मिळवला. देवापुढे ते नाव चालले नाही. याकोब म्हणजे टाच धरणारा. ते नाव उच्चारणे हीच त्याची कबुली होती. त्यानंतर त्याला नवे नाव मिळाले.

हा पाठ एका रविवारी आमच्या वाट्याला आला. शनिवारी रात्री आम्ही तयारीला बसलो, आणि या प्रश्नापुढे आम्हांला जाता येईना. वडिलांच्या पश्चात नगरचे घर विकले तेव्हा व्यवहार आमच्या हाती होता. धाकटा भाऊ आजारी होता. त्याला अर्धी रक्कम द्यायची, ती आम्ही कमी दिली आणि उरलेल्या रकमेला ‘खर्च’ असे नाव दिले. त्याने विचारले नाही. पुढे दहा वर्षे आम्ही बंधुप्रेमावर उपदेश केले, आणि रोज रात्री प्रभूजवळ मनाची शांती मागितली. त्या रात्रीही तेच मागत होतो. उत्तर एकच येत होते : तुझे नाव काय? आम्ही सांगितले, उपदेशक. सांगितले, पापी. ‘पापी’ म्हणणे सोपे असते, बंधूंनो; त्यात सर्व मंडळी सोबत असते. पहाटे चार वाजता तोंडून शब्द निघाला, चोर.

सकाळी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते.”

सोमवारी आम्ही देवासला भावाकडे गेलो. याकोबाला एसाव धावत येऊन भेटला, गळ्यात पडला. आमचे तसे झाले नाही. भावजयीने चहा ठेवला. भावाने पाकीट हाती घेतले, न मोजता बाजूला ठेवले आणि म्हणाला, “दादा, दहा वर्षं कुठे होतास?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. सगळी रक्कम एकदम देण्याची आमची ऐपत नाही. म्हणून दरमहा थोडी घेऊन आम्ही देवासच्या बसमध्ये बसतो. भाऊ अजून फारसे बोलत नाही. ते आमचे लंगडणे आहे.

याकोबही पनीएलाहून लंगडतच निघाला. एसावाला त्याने भेट घेण्याचा आग्रह केला, तेथे मूळ इब्री भाषेत ‘आशीर्वाद’ हाच शब्द आहे. जो हिसकावला होता, तो तो परत करू पाहत होता. तरी तो एका रात्रीत निर्दोष झाला नाही. अब्राम अब्राहाम झाल्यावर पुन्हा अब्राम राहिला नाही. याकोबाला मात्र पवित्र शास्त्र पुढेही वारंवार याकोबच म्हणते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यापायी पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी पतीचा तापटपणा, लहर येताच घर सोडून निघून जाणे, यांपैकी काही झाकले नाही. टिळकांचा स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळला नव्हता. तरी त्यांचेच अभंग आपण आज उपासनेत गातो. देव लंगडणाऱ्यांकडूनही काम करून घेतो. म्हणून लंगडणे लपवण्याचे कारण नाही, आणि त्याचा अभिमान धरण्याचेही कारण नाही.

ज्याने नुसत्या स्पर्शाने जांघेचा सांधा ढळवला, तो याकोबाला एका क्षणात संपवू शकला असता. पण तो रात्रभर त्याच्याशी झुंजत राहिला, त्याने स्वतःला धरू दिले. हीच कृपा. आपले खरे नाव ऐकून तो आपल्याला सोडून जात नाही. ते नाव घेऊनच तर प्रभू वधस्तंभावर चढला.

येत्या प्रभुभोजनापूर्वी आपण प्रत्येकाने एक रात्र यब्बोकेवर काढावी. सर्वसाधारण पापाची नव्हे, तर त्या एका गोष्टीची कबुली द्यावी. आणि सकाळी, ज्या भावाचे किंवा बहिणीचे आपण देणे लागतो, त्यांच्या दाराकडे निघावे. दार उघडेल की नाही, ते प्रभूवर सोपवावे.

प्रार्थना : हे प्रभो, तू विचारतोस तेव्हा आम्हांला दुसऱ्याच्या नावाआड लपू देऊ नकोस. आमचे खरे नाव ऐकून घे, आम्हांला धरून ठेव, आणि लंगडत का होईना, आम्हांला भावाच्या घरी पोहोचव. आमेन.