कवायत आणि मतपेटी

मुंबई विद्यापीठ स्थापन करणारा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला असताना. त्यामुळे या विद्यापीठाला युद्धाची ओळख जन्मापासूनची आहे असे म्हटले, तर ते केवळ अलंकारिक ठरू नये. मात्र युद्धकाळात विद्यार्थ्याला काय समजायचे, हा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि दरवेळी त्याला दोन उत्तरे मिळाली. एका उत्तरानुसार विद्यार्थी म्हणजे देशाच्या कामी लावायचे मनुष्यबळ. दुसऱ्यानुसार तो स्वतःचे मत असलेला, ते सभेत मांडणारा आणि मोजून घेणारा नागरिक. पहिल्या उत्तराचे संस्थारूप म्हणजे कवायतीचे पथक आणि दुसऱ्याचे विद्यार्थी परिषद. मुंबईत, आणि विशेषतः तिच्या उपनगरांत, ही दोन्ही एकाच मैदानावर वाढली. परंतु पथकाची मुळे खोल जात राहिली आणि परिषद दिवसेंदिवस पातळ होत गेली.

दुसऱ्या महायुद्धात हा पेच प्रथम ठळकपणे दिसला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही भारतीय प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. जिथे देशालाच विचारले गेले नाही, तिथे विद्यार्थ्याला कोण विचारणार? ऑक्सफर्डच्या वादसभेने १९३३ मध्ये राजा आणि देश यांच्यासाठी लढणार नाही असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला, तेव्हा इंग्लंडात गदारोळ झाला. पण ते मत स्वतःच्या राज्यातल्या, स्वतःच्या सरकारविषयीचे होते. मुंबईतल्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण हे युद्ध कोणाचे, याच मुद्द्यावर त्याच्या संघटना फुटल्या. १९३६ साली लखनौला स्थापन झालेल्या अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशनमध्ये डिसेंबर १९४० च्या नागपूर अधिवेशनात दुफळी पडून काँग्रेसच्या बाजूचा गट वेगळा झाला. पुढे जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर फेडरेशनमधील कम्युनिस्टांनी या युद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवले, म्हणजे फॅसिझमविरुद्ध सामान्य जनतेने लढायचे युद्ध. आणि म्हणून ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाल्यानंतर एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन मुलांना आपापली संघटना परस्परविरुद्ध आदेश देत होती. आज या भांडणाकडे पाहताना कोण बरोबर होते हे सांगण्याचा मोह होतो. तो आवरून इतके तरी मान्य करावे लागते की, त्या पिढीने युद्धाविषयी स्वतःचा निर्णय घेतला, आणि तो घेण्यासाठी सभा, ठराव, फूट हे लोकशाहीचे सगळे खटाटोप केले.

या निर्णयाचे एक ठसठशीत उदाहरण म्हणजे उषा मेहता. विल्सन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या कायद्याचा अभ्यास करीत होत्या. १९४२ मध्ये तो सोडून त्यांनी साथीदारांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. जागा बदलत बदलत चाललेले हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या हाती लागले आणि त्या तुरुंगात गेल्या. पुढे मुंबई विद्यापीठातूनच त्यांनी गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवली, विल्सनमध्ये राज्यशास्त्र शिकवले आणि विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. अभ्यास सोडून गेलेली विद्यार्थिनी त्याच विद्यापीठात राज्यशास्त्राची प्राध्यापिका होऊन परत यावी, हा योग विद्यापीठाच्या नियमावलीत कुठे बसवला असता कोण जाणे.

उपनगरांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९४२ च्या सुमारास साष्टीच्या या पट्ट्यात जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ हे १९३० साली सुरू झालेले सरकारी महाविद्यालय तेवढे नाव घेण्याजोगे होते. बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये विजेची गाडी आली असली, तरी कॉलेज म्हणजे बहुधा दक्षिणेकडचा प्रवास. सांताक्रूझच्या धावपट्टीवर ब्रिटिश हवाई दल उतरले होते, म्हणजे युद्ध उपनगराला कॉलेजांच्या आधी भेटले. अंधेरीचे भवन्स १९४६ मध्ये उघडले; परंतु महाविद्यालयांची खरी गर्दी पुढच्या दीड दशकानंतरची: पार्ल्याचे पार्ले कॉलेज (आजचे साठ्ये) आणि विद्याविहारचे सोमय्या १९५९-६० च्या आसपास, मग मिठीबाई, घाटकोपरचे झुनझुनवाला, गोरेगावचे पाटकर आणि १९७० मध्ये मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय. नेमकी हीच वर्षे १९६२, १९६५ आणि १९७१ या तीन युद्धांची आहेत. म्हणून असे म्हणता येते की, उपनगरी महाविद्यालयाची इमारत आणि त्याच्या पटांगणातले संचलन एकाच वेळी उभे राहिले.

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एन.सी.सी., १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली. तिच्या मागे ब्रिटिश अमदानीतील विद्यापीठ प्रशिक्षण पथकाचा वारसा होता. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये पदवीच्या सशक्त मुलांना ती सक्तीची झाली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेल्याचा अभिमान ताजा होता, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याची भाषा सर्वतोमुखी होती, आणि त्या भरात या सक्तीविषयी कोणत्या सभेत मतदान घेण्याचे कोणाला सुचले नसावे. सकाळच्या परेडसाठी कडक खाकी गणवेश, पितळी बक्कल ब्रासोने घासून आरसा करणे, थ्री नॉट थ्री रायफलीचे वजन खांद्यावर घेऊन ‘दहिने मुड’ ऐकताच डावीकडे वळणारा एखादा आणि त्यावर संपूर्ण प्लॅटूनला मिळालेली शिक्षा, हे एका पिढीचे नागरिकशास्त्र होते. सक्ती १९६८ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना आली, तेव्हा रायफलीच्या जागी फावडे आले. विद्यार्थ्याकडून हातांचे काम मागण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

याच काळात परिषदेचे काय झाले? जी.एस. म्हणजे सरचिटणीस, सी.आर. म्हणजे वर्गप्रतिनिधी, जिमखान्याची खोली, स्नेहसंमेलनाचा हिशेब, भित्तिपत्रकाचा संपादक: प्रातिनिधिक कारभाराचे हे छोटे प्रयोग होते. त्यांच्यात पक्षांचे पैसे आणि मनगटे शिरली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका विद्यार्थी नेत्याच्या खुनापर्यंत मजल गेली, आणि निवडणुकांवर पडदा पडला. त्याचे कायमचे रूप म्हणजे महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४. त्यानुसार परिषदेत प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेतला गुणवंत विद्यार्थी बसू लागला आणि प्राचार्यांनी क्रीडा, सांस्कृतिक कार्य, सेवा योजना व छात्रसेना यांतून नेमलेले प्रतिनिधी त्याच्या शेजारी. यातला बारीक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे: कवायतीच्या पथकाला परिषदेत कायद्याने खुर्ची मिळाली, पण सामान्य विद्यार्थ्याला मतपत्रिका मिळाली नाही. गुंडगिरीचा उपाय म्हणून मतदानच बंद करणे म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणे. तरी हे घर जळताना फारशी आरडाओरड झाली नाही, यात मध्यमवर्गीय पालकांची सुटकेची भावना होतीच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांची थेट निवड परत कागदावर आणली. छात्रसेना व सेवा योजनेच्या प्रतिनिधींची नेमणूक या नव्या रचनेतही प्राचार्यांकडेच राहिली. २०१९ मध्ये ही मतदाने होणार होती. विधानसभा निवडणुकीमुळे ती पुढे गेली, मग महामारी आली.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष भडकला, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठेवली. राज्यांना पाठवलेल्या पत्रात ज्यांचा सहभाग अपेक्षित होता, त्यांत होमगार्ड, छात्रसेना, सेवा योजना, नेहरू युवा केंद्र आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी होते. भोंगा वाजल्यावर कुठे जायचे, दिवे कधी मालवायचे, हे त्यांनी शिकायचे आणि इतरांना शिकवायचे होते. ही यादी करताना मंत्रालयाला कोणत्याही महाविद्यालयाच्या निवडून आलेल्या अध्यक्षाचा पत्ता शोधावा लागला नाही.