तू कोण बोलणारा?

२०२२च्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा पुण्यात, हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. रात्री क्लायंटच्या कॉलची वाट बघत इन्स्टा चाळत होते, तर समोर मॅथ्यू मॅकॉनहे आला. 'इंटरस्टेलर'वाला. पण या वेळी तो व्हाइट हाउसच्या पत्रकार कक्षात उभा राहून बंदुकांच्या कायद्यावर बोलत होता. मी ती क्लिप कॉलेजच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "आता हिरो कायदे शिकवणार. हा कोण बोलणारा?" भराभर हसण्याचे इमोजी आले. एका मैत्रिणीने फक्त विचारलं, "पूर्ण बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. कॉल संपल्यावर, रात्री दीडला, बघितलं.

मॅकॉनहेचा जन्म टेक्ससमधल्या युवाल्डी गावातला. २४ मे २०२२ला तिथल्या शाळेत १८ वर्षांच्या एका मुलाने १९ मुलं आणि २ शिक्षिकांना गोळ्या घालून मारलं. रायफल त्याने दुकानातून, रीतसर, कायद्याने विकत घेतली होती. मॅकॉनहे आणि त्याची बायको गावात जाऊन त्या घरांमधून बसून आले होते. भाषणात तो एका मुलीच्या हिरव्या कॉन्व्हर्स बुटांबद्दल बोलला. उजव्या बुटाच्या टोकावर तिने स्वतः बदाम काढला होता. गोळ्यांनी मुलांची अवस्था अशी झाली होती की तिची ओळख त्या बुटांवरून पटली. बायको बाजूला बसली होती, तसे बूट मांडीवर घेऊन. बोलणं संपवून तो निघाला तेव्हा एका पत्रकाराने मागून ओरडून विचारलं, की हा सगळा दिखावा होता का? थोडक्यात, माझाच प्रश्न. फक्त त्याने तो तोंडावर विचारला.

'तू कोण बोलणारा' हा प्रश्न आपल्याकडे फार लहानपणी शिकवला जातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. किंवा ती गुळाची गोष्ट. आई मुलाला साधूकडे घेऊन जाते, याचं गूळ खाणं सोडवा म्हणते. साधू म्हणतो काही दिवसांनी या. मग सांगतो, बाळा गूळ खाऊ नकोस. आधीच का नाही सांगितलंत? तर म्हणे, तेव्हा मी स्वतः गूळ खात होतो. कुणाच्या घरी ही गोष्ट रामकृष्णांची असते, कुणाच्या घरी गांधीजींची, आमच्या घरी नुसती 'एका साधूची' होती. मला ती लहानपणीही थोडी विचित्र वाटायची. गूळ वाईट असेल तर तो पहिल्या दिवशीही वाईटच होता ना? साधू खातो की नाही याने पोराच्या दातांना काय फरक पडतो?

हॉलिवूडवाल्यांवर हीच गोष्ट उगारली जाते, आणि ती लागतेही. डिसेंबर २०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर बऱ्याच कलाकारांनी 'आता काहीतरी योजना हवीच' असा एक व्हिडिओ काढला. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याच कलाकारांच्या सिनेमांतले गोळीबार मधेमधे जोडून तो पुन्हा यूट्यूबवर टाकला. मी तो बघितलाय, आणि खरं सांगते, हसू येतं. लिअम नीसनने २०१५मध्ये अमेरिकेत बंदुका फार झाल्यात असं म्हटलं, तेव्हा 'टेकन ३'साठी बंदुका पुरवणाऱ्या कंपनीनेच त्याला झापलं. शिवाय सशस्त्र बॉडीगार्ड घेऊन फिरणाऱ्यांनी इतरांच्या बंदुकांवर बोलू नये, हा नेहमीचा टोला आहेच.

यातून साधूसारखं वागायचा प्रयत्न एकाने केला. जिम कॅरीने २०१३मध्ये जाहीर केलं, की सँडी हूकनंतर आपल्याच 'किक-अॅस २'मधल्या हिंसेला आपण पाठिंबा देऊ शकत नाही. मला त्याचं कौतुक वाटतं. पण मग लोक म्हणाले, पैसे घेतल्यावर सुचलं का? म्हणजे गूळ सोडला तरी सुटका नाही.

मॅकॉनहेचं मात्र उलटं आहे. तो बंदुका बाळगतो, बाळगणाऱ्यांत वाढलाय, त्या सोडणार असं त्याने म्हटलेलं नाही. तो गूळ खातो आणि म्हणतो, बरणी वरच्या फळीवर ठेवा. त्याच्या मागण्याही तेवढ्याच होत्या: घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासा, एआर-१५सारखी रायफल विकत घ्यायचं वय २१ करा, अशा रायफलसाठी काही दिवस थांबायला लावा, ज्याच्याकडून धोका दिसतो त्याच्याकडची शस्त्रं कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घ्या. आणि टेक्ससमधल्या ज्यांनी त्याचं ऐकलं, त्यांनी तो गूळ खातो म्हणूनच ऐकलं असं मला वाटतं. आमच्या घरातला साधू टेक्ससमध्ये चालला नसता.

तरी 'प्रसिद्ध आहे म्हणून ऐका' हे मला पटत नाही, आणि त्याला कारण चार्लटन हेस्टन आहे. 'बेन-हर'चा हिरो. १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर त्याने कर्क डग्लस, ग्रेगरी पेक, जेम्स स्ट्यूअर्ट यांच्यासोबत बंदूक नियंत्रण कायद्याला जाहीर पाठिंबा दिला. पुढे १९९८मध्ये तोच नॅशनल रायफल असोसिएशनचा अध्यक्ष झाला, आणि २०००मध्ये भर सभेत रायफल उंचावून म्हणाला, की ही माझ्याकडून घ्यायची तर मी मेल्यावरच घ्या. तोच चेहरा, तोच आवाज. चेहऱ्यामुळे मुद्दा खरा ठरत असता, तर एकाच हेस्टनमुळे दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या असत्या.

मग ताऱ्यांकडे नेमकं असतं काय? लक्ष. आपलंच, आपण दिलेलं. हे मला कामातून माहीत आहे. पुण्यात मी ज्या अॅपवर होते, तिथे कुठली पोस्ट आधी दिसेल हे ठरवणाऱ्या कोडमध्ये मोठ्या अकाउंटला जादा गुण देणारी एक ओळ होती. ती मी लिहिली नव्हती, पण दोनदा मीच दुरुस्त केली होती. युवाल्डीतल्या एखाद्या आईने स्वतः ते बूट दाखवले असते तर ते पुण्यात माझ्यापर्यंत आले असते का? नसते. एवढं लक्ष न मागता मिळालेला माणूस ते फक्त परफ्यूम विकायला वापरत असेल तर आपण काही म्हणत नाही, पण बूट दाखवायला वापरलं की त्याची पात्रता काढतो, हे मात्र अजब आहे.

पण हे उसनं लक्ष न्याय्य नसतं. हिरव्या बुटांची मुलगी मला आठवते. उरलेल्या अठरांपैकी कुणाच्या पायात काय होतं, ते मी कधी शोधलं नाही. २५ जून २०२२ला बायडन यांनी बंदुकांबाबतच्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये १५ रिपब्लिकनही त्याच्या बाजूने होते. २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची तपासणी कडक झाली, वय मात्र १८च राहिलं. त्यात मॅकॉनहेचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण एखाद्या गावाचं दुःख राजधानीत किती मोठ्याने ऐकू जावं, हे तिथे कोण जन्मलं यावर ठरावं, हे मला आजही टोचतं.

जास्त टोचायला लागलं ते २०२३मध्ये. तोवर मी ऑनसाइट आले होते, डॅलसच्या उत्तरेला. ६ मेला, शनिवारी, अॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ माणसं गेली. मी राहायचे तिथून गाडीने वीस मिनिटं. आम्ही सगळे देशी तिथेच खरेदीला जायचो, भारतात न्यायच्या बॅगा तिथूनच भरायच्या. त्या रात्री आईचे अकरा कॉल आले. अॅलनबद्दल मला कुठल्याही ताऱ्याचं भाषण आठवत नाही.

सोमवारी ऑफिसात लंचला तोच विषय निघाला. टीममधला एक टेक्सन, चांगला माणूस, घरी दोन रायफली तिजोरीत कुलूप लावून ठेवणारा, म्हणाला की त्याच्या मते वय २१च असायला हवं, पण हे तो त्याच्या शूटिंग रेंजवर बोलू शकत नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?"

मला बरंच काही वाटत होतं. पण व्हिसा, मॅनेजर शेजारी बसलेला, इथे माझं मतही नाही. मी म्हटलं, "मी काय बोलणार, मी इथली नाही." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग डबा घेऊन मायक्रोवेव्हकडे गेला.

रात्री मी कॉलेजच्या ग्रुपवर जुना जून महिना शोधून काढला. माझा मेसेज तिथेच होता, हसण्याच्या इमोजींसकट. मैत्रिणीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं. तेव्हा दिलं. "हो, त्याच रात्री पूर्ण बघितलं होतं."