कुर्बान

मुळशीच्या जलाशयाकाठी उभे राहिले की आम्हांला पाण्याखालची गावे आठवतात. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी गावे बुडालीच. येथले पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाते, आणि मुंबईकडे वीज निघते. ज्याच्या घरी दिवा लागतो त्याने एवढे तरी विचारावे, की या उजेडाची किंमत कोणी मोजली?

याच पाण्याकाठी तरुणांच्या एका साधनाशिबिरात एका मुलाने आम्हांला गाठले. "फादर, दोन वर्षे मी एक नाटक लिहितो आहे. वडिलांना कर्करोग आहे. लिहायला बसलो की अपराधी वाटते, आणि त्यांच्याजवळ बसलो की मन नाटकात असते. यात माझे पाप कोणते?"

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही, कारण तेच ऋण आमच्याही माथी आहे. आमच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही धर्मग्रामासाठी प्रभूच्या दुःखसहनावर नाटक लिहीत होतो. घरून निरोप येई आणि आम्ही कळवीत असू, 'पवित्र आठवडा आटोपला की येतो.' नाटक चांगले वठले. लोकांनी डोळे पुसले. ईस्टरनंतर घरी गेलो तेव्हा आई होती, पण दुसऱ्या झटक्याने तिची वाचा गेली होती. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचे संवाद आम्ही लिहिले, आणि स्वतःच्या आईचे बोलणे ऐकायचे राहून गेले.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशू 'कुर्बान' या प्रथेवर कोरडे ओढतो. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला वाहिले आहे असे म्हटले, की मुलगा कर्तव्यातून मोकळा! येथे निमित्त आळसाचे किंवा चैनीचे नाही, पवित्र गोष्टीचे आहे. म्हणूनच ते अधिक फसवे आहे. कलावंताचे, आणि धर्मगुरूचेही, काम असेच सहज कुर्बान होऊन बसते.

साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. गुरुजी तेव्हा शिक्षणासाठी घरापासून दूर होते. अखेरची भेट झाली नाही. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. पुस्तकाला सोळा वर्षे थांबता आले. आईच्या आजाराला थांबता आले नाही. एवढे थोर पुस्तकही त्या एका भेटीची जागा भरून काढते, असे आम्हांला वाटत नाही.

मग कलेवर पाणी सोडावे काय? तसे नाही. मिळालेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची प्रभूने गय केली नाही. लिज्यूच्या संत तेरेझाची बहीण सेलिन चित्रकार होती. तिला मठात जायचे होते. परंतु वडील लुई मार्टिन यांच्या दीर्घ आजारामुळे तिने देवाची ती हाकही लांबणीवर टाकली. १८९४ च्या जुलैत वडील वारले, आणि सप्टेंबरात ती कार्मेल मठात गेली, ती कॅमेरा घेऊनच. मठातल्या तेरेझाची जी छायाचित्रे आज घरोघरी दिसतात, ती बहुतांशी सेलिनने काढलेली आहेत. त्या आजारी पित्याला २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले. सेवेत गेलेली वर्षे कलेतून वजा झाली, असे कोणी म्हणावे?

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत रुग्णाच्या उशाशी मुलगी किंवा सून बसते, आणि त्या बळावर मुलाची प्रतिभा फुलते. तिच्या अंगी काही कला असेल, हे कोणी विचारीत नाही. मुळशीच्या पाण्यासारखीच ही गोष्ट आहे: दिवा एकाकडे, बुडणे दुसऱ्याकडे. आजारपण वर्षानुवर्षे चालले तर एकट्या माणसाचे खांदे पुरत नाहीत. भावंडांनी पाळ्या लावाव्यात. धर्मग्रामातल्या शेजाऱ्याने रविवारी दोन तास जाऊन बसावे, म्हणजे त्या मुलीला वही उघडता येईल. रुग्णाला ख्रिस्तप्रसाद घरी नेतो, तशी ही सोबतही नेता येते.

त्या मुलाला आम्ही इतकेच म्हणालो, "बाळा, लिहिणे हे पाप नव्हे. पण जे थांबू शकते त्याला थांबू दे. आणि लिहिलेली पाने वडिलांना वाचून दाखव."

काही महिन्यांनी तो भेटला. वडील गेले होते. नाटक अपुरे होते. पहिला अंक त्यांनी ऐकला होता आणि एका पात्राचे बोलणे खोटे वाटते म्हणून दुरुस्तही करायला लावला होता. तो ती पाने आम्हांला दाखवीत होता. आमच्या नाटकाची वही आजही आमच्याकडे आहे. ती आमच्या आईने ऐकलेली नाही.