‘थांबा’ म्हणणारा

आमच्या सांगोल्यात पाण्याचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात टँकरभोवती घागरींची रांग लागते, आणि मागे राहिलेल्याला ‘जरा धीर धरा’ असे सांगणारा मनुष्य बहुधा आपली घागर भरून परत निघालेला असतो.

महाडचा धडा शिकवताना वर्गात माझी फजिती झाली ती यामुळेच. मी रंगात येऊन सांगत होतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला, महाडच्या नगरपालिकेनेही तो मानला. पण चवदार तळ्याला त्या कागदांचा पत्ता नव्हता! 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. आता हे देवळात शिरणार, अशी हूल उठली आणि जेवत्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी उलट हात उगारू दिला नाही. डिसेंबरात पुन्हा हजारो जमले, तेव्हा कोर्टाची मनाई पाळून पाणी न घेताच परतले. उच्च न्यायालयाचा निकाल लागला 1937 साली.

“गुरुजी, दहा वर्षं तहान कशी धरली?” मागच्या बाकावरच्या एका मुलीने उठून विचारले.

मी संयमाचा महिमा गाऊ लागलो आणि मध्येच अडखळलो. संयम हा सद्गुण खरा. पण ज्याची तहान त्याने तो स्वतःला घालून घ्यावा. दुसऱ्याच्या तहानेला आपण तो शिकवणे, ही निव्वळ आपली सोय.

1972 साली मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर काढली. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दगड उडाले, तेव्हा या पोरांना महाडची शिस्त ऐकवणारे सज्जन पुष्कळ निघाले. 160 चौरस फुटांच्या खोलीत दाटलेले कुटुंब, शिकून रिकामे हात, खेड्यांतून येणाऱ्या अत्याचारांच्या बातम्या, यांचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. अमेरिकेतही तेच. माँटगोमेरीत काळे लोक 381 दिवस बसमध्ये न बसता पायी चालले; त्या शिस्तीचे जगाने कौतुक केले. पुढे ऑगस्ट 1965 मध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, आणि पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती पेटली. कायद्याने मत दिले. काम आणि घर दिले नव्हते.

दगडाची वकिली मी करणार नाही. चाळीतल्या दगडाने बहुधा चाळीतलेच डोके फुटते. पण त्या मुलीला मी काय सांगणार? तिच्या वस्तीवर नळ यावा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना अर्ज मीच लिहून दिला होता, आणि वर ‘थोडं थांबा, होईल’ असे तोंडीही सांगितले होते. तेव्हा माझ्या दारात नळ आलेला होता.

मुलगी उभीच होती. बस म्हणायचेही मला सुचले नाही.