मातीचं घर कुणी लिंपायचं?

बोईसरजवळ घर बांधायचं ठरलं तेव्हा मला कुडाचंच हवं होतं. कारवीच्या भिंती, शेणामातीचं लिंपण, वर कौलं. आईने विचारलं, "दर वर्षी लिंपणार कोण?"

आदर्श घराचं सामान 5 मैलांच्या आतलं असावं, असं गांधीजींनी लॉरी बेकरना सांगितलं होतं. सामानासोबत मेहनतही मोजायला हवी. दिवसभर मजुरी करून येणाऱ्या वारली बाईला स्लॅब हवासा वाटतो. तिला आपण निसर्गाचे धडे कोणत्या तोंडाने देणार?

पण 2018पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसले, लोक भीतीने रात्री बाहेर झोपले. तिथे कुडाची हलकी भिंत नुसती हौस उरत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: जे घर दुसऱ्याच्या पाठीवर न टाकता आपण स्वतः सांभाळू, तेच या मातीतलं.