पाळणा आणि सीमारेषा

आपल्या भागाविषयी कुणी लिहायला बसले की लेखणी आपोआप सीमाप्रश्नाकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, हे सारे वाचकांना पाठ आहे. ते मी पुन्हा सांगणार नाही. मला आज या रेषेकडे वेगळ्या कारणासाठी पाहायचे आहे. एकाच मातीतल्या, एकमेकांशी रोटीबेटी व्यवहार असलेल्या माणसांवर दोन निरनिराळी सरकारे कायदे करतात, तेव्हा घरातल्या पाळण्यावर त्यांचा परिणाम किती होतो? हे ताडून पाहण्याची सोय या रेषेने आपल्याला आयतीच करून दिली आहे.

संततिनियमनाचा विचार आपल्याला दोन्ही बाजूंनी आला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी आयुष्यभर निंदा सोसली. त्याच काळात, १९३० मध्ये, म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांतून हा सल्ला द्यायला सुरुवात केली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एकीकडे एकट्या माणसाची झुंज, दुसरीकडे दरबारचा हुकूम. पुढे १९५२ साली देशाचा कार्यक्रम आला, भिंतीवर लाल त्रिकोण आला, आणि आणीबाणीत तर महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच.

सक्ती गेली, पण अट आली. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरे मूल झाले, त्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही दोन अपत्यांची अट लागली. कर्नाटकात पंचायतीसाठी अशी अट नाही. म्हणजे दूधगंगेच्या अलीकडे, कोगनोळीत, चार मुलांचा बाप पंचायतीत बसू शकतो. पूल ओलांडून कागल तालुक्यात गेला की तो अपात्र!

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, एका बाईला सरासरी होणारी मुले महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जवळजवळ सारखीच, सुमारे २.९ होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत दोन्ही राज्यांत ती १.७ वर आली. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. एका राज्याने अट घातली, दुसऱ्याने घातली नाही, आणि दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. मग पाळणा लांबवला कुणी? माझ्या शिक्षकी पेशाच्या तीस वर्षांत मी जे पाहिले त्यावरून सांगतो. शेताच्या वाटण्या होऊन एकराचे गुंठे झाले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि विड्यांच्या सुपापुढे जन्म घालवलेल्या बायांनी ठरवले की लेकीच्या हाती सूप द्यायचे नाही. मुली दहावीपर्यंत पोहोचल्या आणि लग्ने चार वर्षांनी पुढे गेली. हे काम कुठल्या अटीने झाले नाही.

इथेच थांबलो असतो तर लेख सुखाचा झाला असता. पण दुसरा एक आकडा आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे बेळगाव जिल्ह्यात ९२१ मुली होत्या, कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. दहा वर्षांनी बेळगावात ९३४ आणि कोल्हापुरात ८६३. हा फरक दोन अपत्यांच्या अटीने पडला असे म्हणता येणार नाही, कारण २००१ ची मोजणी अटीच्या आधीची. गर्भजल तपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला राज्य कायदाही महाराष्ट्राचाच, १९८८ चा. पण हाती उसाचा पैसा होता, तपासणीचे यंत्र जवळच्या गावात आले होते, आणि घर लहान ठेवायचे पण मुलगा हवाच, हा हट्ट कायम होता. पुढे लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी उपकरणे बसवावी लागली, ती याच हट्टापायी.

कानडीत एक म्हण आहे : कीर्तिगोब्ब मग, आरतिगोब्बळु मगळु. कीर्तीला एक मुलगा, आरतीला एक मुलगी. ऐकायला गोड आणि दोन अपत्यांच्या घोषणेला अगदी साजेशी. पण त्यात कीर्ती कुणाकडे आणि निरांजन कुणाच्या हाती, ते पाहा. आपल्याकडे ‘वंशाचा दिवा’ आहेच. भाषेवरून आपण कितीही भांडलो, तरी या एका बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे.

माझ्या दोन बहिणी. धाकटी चिकोडीकडे दिलेली. तिला तीन मुलींवर मुलगा झाला, तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. थोरली कागलकडे. तिला दोन मुली. घरात पंचायतीचे राजकारण. सासरचे लोक मुलगा हवा म्हणत आणि तिसरे मूलही नको म्हणत. या दोन वाक्यांमध्ये जे न बोललेले असते, ते सगळ्यांना कळत होते. तपासणीसाठी चल म्हणून निरोप आला, तेव्हा ती म्हणाली, “खुर्ची तुमची, वंश तुमचा, आणि बाळंतपण तेवढं माझं काय?” ती तपासणीला गेली नाही, तिसऱ्यांदा तिने दिवसही जाऊ दिले नाहीत. सासूबाई वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र वाटते, या घरात कायदा, परंपरा आणि राजकारण यांच्यापेक्षा अधिक नीतीने विचार करणारी तीच एक होती.

आता वारे उलटे फिरले आहे. लोकसभेच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या होत्या. ती मुदत २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंतच आहे. जागा कमी होतील या भीतीने दक्षिणेतले नेते २०२४ पासून अधिक मुलांची भाषा बोलू लागले. आंध्र प्रदेशाने त्याच वर्षी आपली दोन अपत्यांची अट उठवली. आपल्यातही कुणी हळूच म्हणतो, “मराठी शाळेत मुलं उरली नाहीत, आपण मोजणीत कमी पडू.” ही काळजी मी थट्टेवारी नेणार नाही. ज्यांचा हक्क टक्केवारीवर तोलला गेला, त्यांना आकड्याची धास्ती वाटणारच. शिवाय जमीन आणि पाणी मर्यादित असताना लोकसंख्येचा विचार करणे हे सरकारचे कामच आहे, हेही मान्य.

तरी एक प्रश्न उरतो. मूल जन्माला घालायचे ते कशासाठी? राज्याला खासदार हवा म्हणून, भाषेला टक्का हवा म्हणून, घराण्याला दिवा हवा म्हणून? तसे असेल तर ते मूल जन्मण्याआधीच कुणाचे तरी साधन झाले. कालपर्यंत ज्या बाईला “आवर” म्हटले, तिलाच आज “वाढव” म्हणायचे, आणि दोन्ही वेळा तिला विचारायचे नाही, यात धोरण बदलले. दृष्टी बदलली नाही. भाषा तर नुसत्या जन्मांनी टिकत नाही. घरात मराठी बोलून, पोरांना इंग्रजी शाळेत घालून, वर चौथ्या मुलाचा उपदेश शेजारणीला करणे, हा प्रामाणिकपणा नव्हे. एक मुलगी मन लावून मराठी वाचू लागली, आणि जोडीला कानडीही, तर ती भाषेसाठी जे करील ते नुसत्या मोजणीने होणार नाही.

सरकारने बाळंतपण सुखरूप होईल असा दवाखाना द्यावा, मुलीला घराजवळ शाळा द्यावी, कामावर जाणाऱ्या आईला पाळणाघर द्यावे. किती मुले, हे त्यानंतर त्या दोघांनी ठरवावे. आणि दोघांचे मत जुळले नाही तर जिला नऊ महिने वाहायचे आहे तिचा शब्द वरचढ मानावा. मात्र मुलगा की मुलगी, हे ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही, तिलाही नाही.

२०२७ च्या जनगणनेत दारी आलेला मोजणीदार घरातली माणसे विचारील, मातृभाषा विचारील. आपण ती अभिमानाने सांगू, सांगावीच. पण ज्या मुलींना येऊच दिले नाही, त्यांच्यासाठी त्याच्या तक्त्यात रकाना नसेल. तो हिशेब ज्याचा त्याने आपल्या उंबरठ्याच्या आत करायचा आहे.